तांदळाला साक्षीची अट नको

गोंदिया ते बालाघाट या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक विधान इतक्या वेळा ऐकू येतं की आता ते कुणाला खटकतही नाही. नुसती सेवा करून काही होत नाही, असं ते विधान. आजाऱ्याला औषध दिलं, उपाशी घरात तांदूळ पोचवले, कुणाच्या पोराची फी भरली, पण प्रभूचं नाव सांगितलं नाही, तर ते समाजकार्य झालं. ख्रिस्ती काम नव्हे. समाजकार्य सरकारही करतं, रोटरीवालेही करतात. आपलं वेगळेपण साक्षीत आहे. हे उपदेशात सांगितलं जातं, घरगुती प्रार्थनासभेत सांगितलं जातं, आणि तरुणांच्या शिबिरात तर पहिल्याच दिवशी त्यांच्या मनावर ठसवलं जातं.

हे विधान थोडं एकांगी आहे, असं म्हणून मी सोडून देणार नाही. ते मुळात चुकीचं आहे. ज्या शुभवर्तमानाच्या नावाने ते केलं जातं, त्याच शुभवर्तमानाच्या ते विरुद्ध जातं.

मंडळीच्या बाहेर दुसरे लोक आहेत. ख्रिस्ती माणसाने केलेल्या प्रत्येक चांगल्या कामामागे त्यांना धर्मांतराचा डाव दिसतो. हे दोन पक्ष एकमेकांचे वैरी, पण सेवेविषयी दोघांचं मत एकच आहे. सेवा हे साधन आहे, तिच्या मागून काहीतरी यायचं असतं, असं दोघंही धरून चालतात. जे मागून यायचं ते एकाला हवं आहे आणि दुसऱ्याला नको आहे, एवढाच फरक. मला दोघांनाही उत्तर द्यायचं आहे. पण आधी घरच्यांना, कारण बाहेरच्यांच्या आरोपाला पुरावा आपल्याच व्यासपीठावरून पुरवला जातो.

घरच्यांशी बोलायचं तर बायबलपासूनच बोललं पाहिजे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटला गेलेला माणूस आणि त्याला उचलणारा शोमरोनी, ही गोष्ट आपल्या रविवारच्या शाळेतल्या सहा वर्षांच्या पोरालाही येते. त्या शोमरोन्याने काय काय केलं ते येशूने फार बारकाईने सांगितलं आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर पाहिलं, सकाळी मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवली, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असं कबूल केलं. इतका तपशील देणाऱ्या येशूने शोमरोनी त्या जखमी माणसाशी देवाविषयी काही बोलल्याचं सांगितलेलं नाही. शिवाय यहुदी लोकांच्या दृष्टीने त्याची श्रद्धाच चुकीची होती. त्याचे लोक यरुशलेम सोडून गरिज्जीम डोंगरावर उपासना करत. तरी जा आणि तसंच कर, असं शास्त्र्याला सांगताना येशूने बोट दाखवलं ते त्याच्याकडे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायनिवाडा आठवा. उजवीकडे उभे केलेले लोक गोंधळून जातात. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिला, कधी उघडा पाहिला, असं ते विचारतात. या गोंधळावर आपल्या उपदेशकांनी कधी विचार केला आहे का? आपण प्रभूचं काम करतोय हे त्या लोकांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी जेवण वाढताना त्याचं नाव घेतलं असतं, तर कधी, असा प्रश्न त्यांना पडलाच नसता. आपल्या शिबिरांतल्या मोजमापाने ते सगळे समाजकार्यकर्ते ठरतात. न्यायासनावर बसलेल्याचं मोजमाप वेगळं आहे.

लूकाच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात. त्यांतला एक परत येऊन पाया पडतो, तोही शोमरोनीच. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. त्या प्रश्नात दुःख आहे, आणि ते आपण समजून घ्यावं. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला नाही. त्यांचं बरं होणं आभारावर किंवा विश्वासाच्या कबुलीवर अवलंबून ठेवलेलं नव्हतं. आणि किती तरी वेळा तर येशू बऱ्या झालेल्या माणसाला हे कुणाला सांगू नको, असंच बजावतो.

यावर येणारं उत्तर मला माहीत आहे. त्याच मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करण्याची आज्ञा आहे, तिचं काय? ती आज्ञा आहेच आणि मी ती मानतो. आपल्या घटनेचं पंचविसावं कलमही धर्म मानण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचा हक्क देतं. ज्याला ऐकायचं आहे त्याला सुवार्ता सांगावी, मोकळेपणाने सांगावी, भर चौकात सांगावी. माझं भांडण या आज्ञेशी नाही. ही आज्ञा उचलून ताटाच्या कडेला बांधायची आणि तिच्याविना ताट अपुरं आहे असं म्हणायचं, याला आधार कोणत्या वचनाचा?

हा वाद नवा नाही. बालाघाटला लागून असलेल्या मंडला जिल्ह्यात तो नव्वद वर्षांपूर्वी झाला, आणि त्यात एक मराठी ख्रिस्ती माणूस उभा होता. आपल्या मंडळ्यांत त्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शामराव हिवाळे हे त्याचं नाव. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची व्हेरियर एल्विन या इंग्रज धर्मगुरूशी मैत्री झाली. एल्विन १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून या संघात आले होते. पुढे ते गांधीजींच्या जवळ गेले, आणि इंग्रज सरकार व चर्चचे वरिष्ठ दोघांनाही खुपू लागले. १९३२ च्या जानेवारीत एल्विन आणि शामराव मैकलच्या डोंगरात, अमरकंटकच्या वाटेवरच्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. करंजिया तेव्हा मंडला जिल्ह्यात होतं, आता दिंडोरीत आहे. तिथे त्यांनी मातीच्या झोपड्या बांधल्या, दवाखाना काढला, पोरांसाठी शाळा सुरू केल्या, कुष्ठरोग्यांसाठी निवारा उभा केला. लोक एल्विनना बडा भाई आणि शामरावांना छोटा भाई म्हणत. पुस्तकं एल्विननी लिहिली आणि जगभर नाव त्यांचं झालं. रोजचा दवाखाना, भांडणतंटे, शाळा, कोण आजारी, कुणाच्या घरात धान्य संपलं, याचा मोठा भार शामरावांनी वाहिला.

नागपूरचे बिशप अ‍ॅलेक्स वूड यांना हे मान्य नव्हतं. वूड यांना खलनायक करून सोपं उत्तर मिळवायचं नाही. बिशप होण्याआधी चांद्याच्या मिशनमध्ये त्यांनी काम केलेलं होतं. खेडं काय असतं हे त्यांना कागदावरून कळलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं आजच्या आपल्या उपदेशकांपेक्षा जास्त गंभीर होतं. गोंडांमध्ये राहणारा धर्मगुरू जर ख्रिस्ताची सुवार्ता सांगणारच नसेल, तर चर्चने त्याला परवाना कशासाठी द्यायचा? राजनिष्ठेच्या शपथेचा प्रश्नही त्यात मिसळलेला होता. वाद निव्वळ धर्माचा राहिला नव्हता. पण धर्माच्या बाजूने गाभा हाच होता. आपण इथे सेवा करायला आलो आहोत, कुणाला ख्रिस्ती करायला नाही, ही एल्विन यांची भूमिका बदलली नाही. परवाना मिळाला नाही, आणि १९३५ मध्ये ते चर्चमधून बाहेर पडले.

आता प्रतिपक्षाला इथे मोठं बळ मिळतं, आणि ते मी लपवणार नाही. बघा, साक्ष सोडली की श्रद्धाही सुटते, असं ते म्हणतील. एल्विन पुढे ख्रिस्ती राहिले नाहीत, मानववंशशास्त्रज्ञ झाले. १९४४ मध्ये तर मंडल्यातल्या डच कॅथलिक मिशनऱ्यांविरुद्ध त्यांनी आणि शामरावांनीच मोहीम उघडली. घराबाहेर पडलेल्या मुलाने घरावरच दगड मारावा, तसं हे झालं नाही का?

मी क्रम उलटा पाहतो. एल्विन यांनी साक्ष सोडली आणि मग श्रद्धा सुटली, हा इतिहास अपुरा आहे. मातीच्या झोपडीत कुष्ठरोग्यांसोबत राहणाऱ्या धर्मगुरूला चर्चने परवाना नाकारला, तोवर ते चर्चचेच होते. दार कुणी लावलं हे सांगितल्याशिवाय, तो निघून गेला असं सांगणं अन्यायाचं आहे. आणि शामराव? १९५४ मध्ये एल्विन ईशान्येकडे, तेव्हाच्या नेफात गेले. सरकारी पद मिळालं, मान मिळाला, आणि १९६४ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर त्यांच्या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. शामराव मंडल्यातच राहिले. वर्तमानपत्रांना त्यांच्यात रस उरला नव्हता, मोठे पाहुणे येईनासे झाले होते, तरी ते त्याच लोकांमध्ये राहिले. आपलं आणि समाजकार्याचं वेगळेपण काय, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर या माणसापासून सुरू होतं. योजना संपते, निधी संपतो, प्रकल्प दुसऱ्या जिल्ह्यात जातो. त्यानंतरही कोण राहतं, ते पाहा.

एल्विन यांचं बैगांवरचं पुस्तक १९३९ मध्ये लंडनहून निघालं. हे बैगा म्हणजे आपल्या बैहरचेही बैगा. डोंगरउतारावर झाडं तोडून, जाळून, राखेत बी फेकायची त्यांची बेवर शेती इंग्रजांच्या जंगल खात्याने बंद केली आणि त्यांच्या हातात नांगर दिला. धरतीच्या अंगावर नांगर घालणं त्यांना पाप वाटत होतं. एल्विन यांनी त्यांची बाजू घेतली. मला यात धर्मगुरूचं मोडलेलं व्रत दिसत नाही, पाळलेलं दिसतं. ज्याचं जंगल हिरावलं गेलं त्याच्या बाजूने सरकारदरबारी बोलणं हे काम ख्रिस्ती आहे की नाही, याचा निकाल त्या कागदावर येशूचं नाव होतं की नव्हतं यावर लावायचा का?

पंडिता रमाबाईंचं प्रकरण माझ्या बाजूला जास्त अवघड आहे. म्हणून ते टाळता येत नाही. आणि त्याचा धागा थेट आपल्या मध्य प्रांतात पोचतो.

१८९६-९७ च्या दुष्काळाने बालाघाट जिल्हा पिळून काढला. त्यामागोमाग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३ लाख २६ हजार ५२१ भरली; दहा वर्षांत सुमारे १५ टक्क्यांनी घटलेली. वैनगंगेच्या काठची धानाची गावं, लांजीकडची, वारासिवनीकडची, बैहरच्या पठारावरची गोंड-बैगांची वस्ती, सगळीकडून माणसं गेली. १८९७ मध्ये रमाबाई मध्य प्रांतात आल्या. स्वतःचे आईवडील त्यांनी दुष्काळातच गमावले होते. भूक त्यांना ऐकून माहीत नव्हती. सरकारी मदतछावण्यांमध्ये एकट्या पडलेल्या मुलींचे काय हाल होतात, त्यांच्यावर कुणाच्या नजरा आहेत, हे त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी इथून सोडवून नेल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर, आपल्या शेतजमिनीवर, त्यांच्यासाठी निवारे उभे केले. मुक्ती सदन तिथून वाढलं.

त्याच्या चार वर्षं आधी रमाबाईंनी दुसऱ्या बाजूचा मार खाल्ला होता. त्यांच्या शारदा सदनात विधवांना शिक्षणाच्या नावाखाली बाटवलं जातं, असा गदारोळ पुण्यात उठला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्या सदनात ब्राह्मण मुलींना आपला स्वयंपाक वेगळा करायची, आपले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार लावून घेत नसत, हा मुख्य आक्षेप होता. या बाबतीत मी पूर्णपणे रमाबाईंच्या बाजूचा आहे. श्रद्धा चोरून पाळायला कुणी कुणाला सांगू नये. उघड्या दारातून दिसणारी प्रार्थना हे आमिष नाही.

केडगावची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आलेल्या दुष्काळग्रस्त मुलींना दुसरं घरच नव्हतं. १९०५ मध्ये तिथे मोठं धार्मिक संजीवन झालं, शेकडो बाप्तिस्मे झाले. त्याच केडगावात विणकाम होतं, छापखाना होता, तेलघाणा होता, आंधळ्या मुलींसाठी स्वतंत्र सदन होतं आणि त्यांना ब्रेल शिकवली जात होती, समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. एवढं काम त्या काळात दुसऱ्या कुणा एका बाईने उभं केल्याचं मला माहीत नाही. रमाबाईंवर माझं प्रेम आहे आणि त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही मी म्हणेन की ज्या पोरीचं उद्याचं जेवण तुमच्या हातात आहे, तिला तुमच्या निमंत्रणाला नाही म्हणता येत नाही. तुमचा हेतू कितीही निर्मळ असो, तिच्या होकारात भुकेचा वाटा किती, हे तुम्हालाही कळणार नाही आणि तिलाही. म्हणून ज्याच्या हातात वाढायचं पातेलं आहे त्याने धर्माविषयी सगळ्यात कमी बोलावं. जिला जेवणाची गरज उरलेली नाही, जिचं स्वतःचं घर आहे, जी पाठ फिरवून जाऊ शकते, तिच्याशी खुशाल बोलावं. ही मर्यादा रमाबाईंना लावताना मला जड जातं. आजच्या उपदेशकांना लावताना मुळीच जात नाही, कारण ते तीन किलो तांदळाबरोबर प्रार्थनेला थांबा असं सांगतात आणि त्याला साक्ष म्हणतात.

आता बाहेरच्या टीकाकारांकडे वळतो. त्यांना देण्यासारखं उत्तर थोडक्यात आहे. १९५४ मध्ये, नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती तेव्हा, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली. १९५६ च्या तिच्या अहवालाने शाळा, दवाखाने आणि कर्ज यांचा धर्मांतरासाठी वापर होतो असा ठपका मिशनऱ्यांवर ठेवला. १९६८ मध्ये या राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. २०२१ चा कायदा त्याहून कडक आहे. त्यातल्या प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू, पैसा, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं शिक्षण, बरं राहणीमान, हे सगळं येतं. म्हणजे चांगली शाळा चालवणं हेच संशयाचं कारण होऊ शकतं. मी विचारतो, मग काय चालवावं? वाईट शाळा?

आमिषाच्या आरोपाला मी एक आकडा पुढे करतो. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं. दीडशे वर्षं शाळा, दवाखाने, कुष्ठधामं चालली. लाखो लोक तिथे शिकले आणि बरे झाले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक ०.९६ टक्के आहेत आणि मध्य प्रदेशात ०.२९ टक्के. हा धर्मांतराचा कारखाना असेल, तर इतका निष्फळ कारखाना कुणी दीडशे वर्षं तोट्यात चालवला नसता. ज्यांनी तो चालवला त्यांतल्या बहुतेकांना समोरच्याला बरं करायचं होतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली तेव्हा त्यांना धमक्या आल्या. या धर्मगुरूने हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात वसईच्या बागा, विहिरी आणि शेतं बिल्डरांच्या घशातून वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली होती. वाचलेल्या विहिरीचं पाणी पिताना कुणाची जात आणि धर्म विचारला गेला? धमक्या देणाऱ्यांना हा प्रश्न पडला नाही. तो आमच्या मंडळ्यांतल्या लोकांनाही पडत नाही, कारण विहीर वाचवणं हे त्यांच्या हिशेबात सुवार्तेचं काम धरलेलं नाही.

घरच्यांचा शेवटचा आणि सगळ्यात पक्का बुरूज म्हणजे, कर्माने तारण होत नाही. प्रोटेस्टंट घरात वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या हाडात हे भिनलं आहे, आणि त्यातलं सत्य मला प्रिय आहे. माणूस पुण्य साठवून देवाला विकत घेऊ शकत नाही. पौलाने रोमकरांना हे लिहिलं; लूथरने त्यावर सबंध युरोप हलवला. लूथरला याकोबाचं पत्र रुचत नव्हतं हेही खरं. पण कर्माने तारण नाही म्हणून कर्माला महत्त्व नाही, हे अनुमान पौलाचं नाही. तोच पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्या-मंडळ्यांतून वर्गणी गोळा करत फिरला. गरिबांची आठवण ठेवायचं तर त्याने आनंदाने कबूल केलं होतं. कुणावर भार नको म्हणून तो स्वतःच्या हाताने तंबू शिवत असे. ज्याला तारण फुकट मिळालं आहे त्याला मजुराचे पैसे कापायची गरज का वाटावी? कृपेचा सिद्धान्त इथपर्यंत आला पाहिजे. आपल्याकडे तो उपदेशातच थांबतो.

म्हणून बोलायचं ते मोठ्या रुग्णालयांविषयी कमी आणि आषाढातल्या रोवणीविषयी जास्त. बांध्यांत चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी देणारी शेतं बालाघाट जिल्ह्यात आहेत, आणि त्यांतली काही आपल्या सभासदांची आहेत. धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईचा चहाचा कप वेगळा ठेवणारी ख्रिस्ती घरं आहेत. तहसिलीत, पंचायतीत, जंगल खात्यात बसणारे आपले लोक आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली बैगा माणसाचा दावा पैशावाचून पुढे सरकत नाही तेव्हा त्या टेबलाच्या मागे कधीकधी आपल्याच मंडळीतला माणूस असतो, आणि रविवारी तो साक्ष देतो. भरवेलीच्या मँगनीज खाणीत, मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत काम करणारे आहेत. ठेकेदाराच्या मजुराचा अपघात झाला तर साक्षीदार म्हणून सही करायची वेळ येते. साक्ष हा शब्द आपण प्रार्थनासभेसाठी इतका राखून ठेवला की अपघाताच्या पंचनाम्यावर सही करणं ही साक्ष आहे, हे विसरलो.

आणि जात. यावर मी थांबणार आहे, कारण इथे आपण उघडे पडतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. या अन्यायाविरुद्ध चर्च सरकारला सांगतं की आमच्या लोकांना धर्म बदलूनही जात सुटलेली नाही. बरोबर आहे. मग आपल्याच मंडळीत मुलाचं लग्न ठरवताना मूळ घर कुठलं, कोणत्या समाजातून आलेले, हे कोण विचारतं? ते सरकार विचारत नाही. प्रभुभोजनाला एका प्याल्याने पिणारे लोक सोयरिकीला बसताना आजोबांच्या जातीचा शोध घेतात. हे सुवार्तेचं काम नव्हे असं म्हणून बाजूला ठेवणाऱ्याची सुवार्ता कुणाच्या कानावर जावी, आणि का?

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. नारायण वामन टिळकांना नागपूर-राजनांदगाव आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. ती गाडी आपल्या गोंदियावरूनच जाते. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. लक्ष्मीबाई मात्र पाच वर्षं बाप्तिस्म्यापासून लांब राहिल्या. त्या काळात नवऱ्याशी त्यांची ताटातूट झाली, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईने आपल्या मनाशी झगडा केला, आणि जातिभेद सोडला. कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं असं आधी ठरलं. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. पुढे नगरच्या प्लेगमध्ये त्या रुग्णांच्या सेवेत उतरल्या, अनाथ पोरं घरात घेतली. टिळकांनी शेवटी, १९१७ मध्ये, देवाचा दरबार काढला तो बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांसाठी. आपल्या शिबिरांमधला क्रम असा की आधी कबुली, मग बाप्तिस्मा, मग जमलं तर वागणं. लक्ष्मीबाईंचा क्रम असा नव्हता, आणि त्यांच्याहून खरी ख्रिस्ती बाई मराठीत कोण झाली, ते मला कुणीतरी सांगावं.

मग तुमच्यात आणि कुठल्याही भल्या माणसात फरक काय राहिला, असं विचारणारे अजूनही असतील. बाहेरून दिसणारा फरक कदाचित काहीच राहणार नाही, आणि त्याची मला भीती वाटत नाही. दुपारी उन्हात दुसऱ्याचं ओझं उचलणाऱ्या हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजाऱ्याच्या बरोबरीने मला उभं राहता आलं तर ती माझ्या श्रद्धेची हार नव्हे. त्या शोमरोन्याची गोष्ट सांगणाऱ्याला तरी ती हार वाटली नव्हती.

आता कामाचं बोलतो. मंडळीच्या वार्षिक सभेतल्या अहवालात बाप्तिस्मे किती, प्रार्थनासभा किती, दशमांश किती, असे रकाने असतात. यंदा त्यांच्या शेजारी आणखी काही प्रश्न लेखी घ्यावेत अशी माझी मागणी आहे. सभासदांच्या शेतात रोवणीला आणि कापणीला बाईला किती मजुरी दिली आणि गड्याला किती? सरकारी नोकरीतल्या किती सभासदांनी वनहक्काचे दावे पैसे न घेता पुढे पाठवले, किंवा ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज भरून दिले? जातीबाहेर ठरलेल्या किती सोयरिकींना मंडळी मोकळ्या मनाने हजर राहिली? आणि मदतवाटपाचा ठराव स्पष्ट लिहावा. तांदूळ देताना कुणाचा धर्म विचारायचा नाही, घेणाऱ्याला प्रार्थनेसाठी थांबवायचं नाही, त्याचा फोटो काढायचा नाही. वडीलमंडळातल्या ज्यांना हा ठराव मान्य नसेल त्यांनी तो कोणत्या वचनाच्या आधाराने नाकारतात, ते सगळ्या मंडळीसमोर उभं राहून वाचून दाखवावं.